सुभेदाराचं पोरगं

या वेळी संपादकीयाचा विषय शोधावा लागला नाही. तो तुम्हीच पाठवला. घाटंजी, आर्णी, वणी, राळेगाव, उमरखेडची पोरं. आज पुण्यात नाहीतर नागपुरात कॉट बेसिसवर राहणारी, दिवसा क्लास आणि रात्री कविता करणारी. तुमच्या कवितांचा गठ्ठा माझ्यापुढं पडलाय. त्यात देवाला शिव्या आहेत, पाटलाला आहेत, सरकारला आहेत. हे सगळं आपल्या घरचंच आहे, त्याचं मला नवल नाही. पण या खेपेला गठ्ठ्यात बाप फार आहे.

आणि तो दोनच प्रकारचा आहे. एक बाप भेकड. पाटलाच्या वाड्यापुढं चपला हातात घेणारा, घरी येऊन काठी उगारणारा, 'मोर्च्यात जाशील तर तंगडं तोडीन' म्हणणारा. दुसरा बाप डायरेक्ट महामानव. घामाचे मोती, हातावरच्या रेषा, आभाळाएवढा वगैरे. पहिल्याला लाथ, दुसऱ्याला हार. मी दोन्ही परत पाठवतोय. कारण दोन्हीत बाप नावाचा माणूस कुठंच नाही.

एकानं कवितेखाली चार ओळी लिहिल्यात. त्या कवितेपेक्षा बऱ्या आहेत. तो लिहितो, बाबाचा फोन दोन मिनिटांच्या वर जात नाही. जेवला का? जेवलो. पैसे हायेत? हायेत. मग फोन माय घेते.

दोस्तहो, हे भांडण आपल्यात नवं नाही. ज्याचा फोटो प्रत्येक खोलीत लावलाय त्याच्या घरातही ते झालं होतं. पण आपण त्या माणसाचा कोट, टाय आणि उचललेलं बोट तेवढं घेतलं. त्या कोटाच्या आत सुभेदार रामजी सकपाळांचं एक हट्टी पोरगं होतं, ते सोडून दिलं.

1896 मध्ये भीमाबाई गेल्या. रामजींनी पुढं दुसरं लग्न केलं. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले आणि पोराचं डोकं फिरलं. बापाच्या भाकरीवर जगायचंच नाही, मुंबई गाठायची, गिरणीत कामाला लागायचं, असं त्यानं ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची चंची काढायला तो तीन रात्री टपला. जमलं नाही. चौथ्या रात्री चंची हाती लागली, तर तिच्यात अर्धा आणा. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे, धनंजय कीरांच्या चरित्रात ती आहे. लपवली नाही. आपल्याकडं मात्र जयंतीच्या भाषणात ती कुणी सांगत नाही. साहेब चोरी करायला निघाले होते म्हटलं तर मंडळाचे अध्यक्ष माईक काढून घेतील!

1901 मध्ये ही भावंडं साताऱ्याहून बापाला भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. बाप घ्यायला आलाच नाही. पत्र पोचलं होतं, पण नोकरानं ते रामजींना सांगितलं नव्हतं. महाराची पोरं म्हणून बैलगाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं मोजून गाडी पोरांनीच हाकली आणि रात्र तहानेत काढली. स्टेशनावर तासन्‌तास बापाची वाट पाहणाऱ्या त्या पोराच्या मनात बापाबद्दल काय आलं असेल? आणि बापाचा तर दोष नव्हता.

पण खरी ठिणगी पुढं आहे. इंग्रजी शाळेतलं पोराचं यश म्हणून वस्तीतल्या लोकांनी त्याचा सत्कार ठरवला. रामजी म्हणाले, नको, पोराच्या डोक्यात हवा जाईल. दादा केळूसकर मध्ये पडले तेव्हा कुठं समारंभ झाला. त्यात केळूसकरांनी आपलं बुद्धचरित्र पोराला भेट दिलं. ते वाचून पोरगं बापाकडं गेलं. म्हणालं, तुम्ही आमच्याकडून रामायण-महाभारत वाचून घेता, ज्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची नालस्ती. बुद्ध का नाही दिलात? रामजींना प्रश्न आवडला नाही. तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, असा बापाचा खाक्या त्यांनी दाखवला. काही दिवसांनी पोरानं पुन्हा विचारलं. तेव्हा मात्र बापानं उत्तर दिलं. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड बसेल. द्रोण, कर्ण कुठल्या कुठं चढले बघा, वाल्मीकी तर कोळी होता. पोराला ते पटलं नाही. भीष्म नको, द्रोण नको, कृष्णही नको, असं त्यानं तोंडावर सांगितलं. बाप गप्प झाला. पोरगं बंड करून उठलंय, हे त्याला कळलं.

हे सारं बाबासाहेबांनी 1956 साली, बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. म्हणजे धम्माकडं नेणारी एक वाट बाप-लेकाच्या भांडणातून गेलेली आहे. आणि मला त्यात पोराइतकाच बाप महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर चुकीचं होतं. पण ते भक्ताचं उत्तर नव्हतं. पोराच्या मनाला जात डसू नये म्हणून हातात होतं ते औषध त्यानं दिलं. याच बापानं परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत स्वतः रात्री दोनपर्यंत जागून पोराला अभ्यासाला उठवलं. पन्नास रुपयांच्या पेन्शनीत पुस्तकं बसत नव्हती, तेव्हा लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणले, गहाण टाकले आणि पेन्शन आल्यावर सोडवले.

1913 च्या जानेवारीत पोरगं बडोद्याच्या नोकरीला गेलं, बापाच्या मनाविरुद्ध. थोड्याच दिवसांत बाप आजारी असल्याची तार आली. परतताना बापासाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरलं आणि गाडी चुकली. पोचलं तेव्हा बाप शेवटच्या घटका मोजत होता. 2 फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कहून बापाच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात या पोरानं म्हटलं की, आईबाप फक्त जन्म देतात, कर्म नाही, ही कल्पना आपण टाकून दिली पाहिजे.

आता आपल्या बापाकडं या.

तो मोर्च्याला नाही का म्हणतो? भेकड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. उमरखेडची पोरं हो, पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारला गेला. तुमचे आजे आणि थोराड बाप तेव्हा नदीच्या या काठावर होते. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भैयालाल भोतमांगेंची बायको, मुलगी आणि दोन मुलं एका संध्याकाळी संपवली. एकटा बाप उरला आणि 2017 साली मरेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. तुमच्या बापाच्या भीतीला अशा तारखा आहेत. तो सांगत नाही. तो काठी उगारतो.

आणि वावर? 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या वर माणसं विषबाधेनं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या वावरात रोजानं पंप पाठीवर घेणारेही होते. असा बाप घरी येतो तेव्हा डोळे चुरचुरत असतात, जेवण जात नाही. तो गप्प बसला की पोराला वाटतं, माझ्यावर राग आहे.

पण म्हणून त्याला हार घालू नका. दारू पिऊन मायला मारणारा बाप व्यवस्थेचा बळी आहे, हे भाषण मी मायच्या तोंडावर करू शकत नाही. ती म्हणंल, अन् मी कोनाची बळी हाओ? त्याचा हात धरायचाच, आणि धरताना डोळ्यात डोळे घालायचे. पाटलाविरुद्ध घोषणा देणं त्यामानानं हलकं काम आहे. तिथं पाठीशी शंभर जण असतात.

आणखी एक. चळवळीत बाप झालेल्यांनाही हे लागू आहे. बाबासाहेबांना पाच मुलं झाली, एकटे यशवंतराव जगले. सगळ्या देशाचा बाप असलेल्या माणसाचा मुलगा होणं काय असतं, यावर आपण कधी बोललो नाही. इथं तर प्रत्येक जिल्हाध्यक्षाचं पोरगं बापाला बॅनरवर ओळखतं.

तर पुढच्या अंकासाठी बापावर कविता नकोत. दिवाळीला घरी जाल तेव्हा त्याला विचारा. पहिली मजुरी किती मिळाली, कुणाच्या वावरात, शाळा कितवीत सुटली आणि कशानं. तो म्हणंल, 'कायले पायजे तुले?' पुन्हा विचारा. सुभेदाराच्या पोरालाही पहिल्या खेपेला उत्तर मिळालं नव्हतं. जे सांगंल ते त्याच्याच बोलीत लिहून धाडा. शुद्धलेखन मी बघणार नाही.