परतलेल्या सैनिकांचा अपुरा हिशेब

रणांगणावर पडलेल्यांची नावे स्मारकांवर कोरली जातात, परतलेल्यांना पदके आणि टाळ्या मिळतात. परंतु परतूनही ज्यांची युद्धातून सुटका होत नाही, त्यांची नोंद कोणत्या वहीत करायची? अमेरिकेचा गेल्या अर्धशतकाचा अनुभव या प्रश्नाकडे पाहायला भाग पाडतो. तो आपल्यालाही दूरचा नाही.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ या प्रकल्पाने जून २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हाती घेतलेल्या लष्करी मोहिमांत अमेरिकेचे ७,०५७ सैनिक मृत्युमुखी पडले, तर त्याच पिढीतील ३०,१७७ आजी-माजी सैनिकांनी आत्महत्या केल्या, असा अंदाज त्यात मांडण्यात आला. म्हणजे शत्रूच्या भूमीवर जितके गेले, त्याच्या चौपटीहून अधिक माणसे देशाने अशी गमावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेचे शेवटचे विमान काबूलहून उडाले आणि वीस वर्षांचे युद्ध संपल्याचे जाहीर झाले. सरकारी दप्तरात ते संपलेही. या मोहिमांवर पाठविल्या गेलेल्या पंचवीस लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांपैकी अनेकांच्या घरात मात्र ते अजून चालूच आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करून चालणार नाही. प्रत्येक आत्महत्येमागे रणांगणच असते, असे नाही. यातील काही जण प्रत्यक्ष लढाईत कधी उतरलेही नव्हते. एकटेपणा, शारीरिक वेदना, व्यसन, मोडलेला संसार आणि घरात सहज हाताशी असलेली बंदूक ही कारणेही तितकीच खरी आहेत. अमेरिकी सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी दहात सातहून अधिक घटनांत बंदूक वापरली गेली. शिवाय बहुसंख्य माजी सैनिक नोकरी-व्यवसाय करीत चारचौघांसारखे आयुष्य जगतात. चित्रपटांनी रंगविलेला माथेफिरू माजी सैनिक हा त्यांच्यावर अन्यायच आहे. तरीही एवढी मोठी तफावत केवळ योगायोगाने पडत नाही.

वैद्यकशास्त्र ज्याला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणते, तो विकार म्हणजे नुसती वाईट आठवण नव्हे. आठवण भूतकाळातली असते. येथे मात्र भूतकाळ वर्तमानात घुसतो. रस्त्याच्या कडेला पडलेली बेवारस पिशवी, जळक्या डिझेलचा वास, फटाक्याचा आवाज एवढे निमित्त पुरते आणि शरीर क्षणात लढाईच्या पवित्र्यात जाते. झोप उडते. गर्दीत भिंतीला पाठ लावूनच बसावेसे वाटते. बायको-मुलांविषयीची मायाही बधिर होते. गंमत अशी, की यातील बरेचसे वर्तन रणांगणावर सद्गुण ठरते. अष्टौप्रहर सावध राहणे आणि भावना बाजूला ठेवणे या सवयींनी तिथे जीव वाचविलेला असतो. लष्कर त्या सवयी महिनोन्‌महिने मेहनतीने अंगी बाणवते. त्या उतरविण्यासाठी मात्र तेवढा वेळ कोणी देत नाही.

ही जखम नवी नाही. ती जखम आहे हे मान्य करण्याचा इतिहास मात्र लाजिरवाणा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. अंगावर ओरखडा नसलेले सैनिक थरथर कापत होते, कोणाची वाचा गेली होती, कोणाला दिसेनासे झाले होते. रुग्णसंख्या वाढली तेव्हा लष्कराने शब्दावरच बंदी घातली. १९१७ मध्ये अशा सैनिकांच्या कागदावर ‘निदान न झालेला मज्जाविकार’ अशा अर्थाचा शेरा मारण्याचे ठरले. त्यातही वर्गभेद होताच. अधिकाऱ्याला ‘न्यूरेस्थेनिया’ होई आणि त्याची रवानगी एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्टसारख्या रुग्णालयात होई. साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’ होई. पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांतील काही जण या विकाराने ग्रासलेले होते. अशा ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धातही दृष्टी फारशी बदलली नव्हती. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील लष्करी रुग्णालयांत जनरल पॅटन यांनी मानसिकदृष्ट्या खचलेल्या दोन सैनिकांना थपडा मारल्या. आयसेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली खरी, पण ‘मनाने खचणे म्हणजे भित्रेपणा’ हे समीकरण कायम राहिले.

ते मोडले व्हिएतनामने, आणि तेही डॉक्टरांच्या नव्हे, सैनिकांच्या पुढाकाराने. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आपल्या तुकडीबरोबर जहाजाने परतत. त्या प्रवासात बोलायला, रडायला, गप्प बसायला वेळ मिळे. व्हिएतनाममधला सैनिक एकटा जाई आणि ठरलेली मुदत भरली की एकटाच विमानाने परते. जंगलातून निघून अवघ्या एक-दोन दिवसांत तो घरच्या जेवणाच्या टेबलापाशी बसलेला असे. घरचा समाजही युद्धावरून दुभंगलेला. अशा वेळी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपापसांत बोलण्याचे गट सुरू केले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि कायम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यात सामील झाले. विपर्यास असा, की अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९५२ पासून असलेले ‘तीव्र ताणाची प्रतिक्रिया’ हे निदान नेमके १९६८ मध्ये, व्हिएतनाममधील लढाई ऐन भरात असताना, वगळण्यात आले होते. दहा-बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९८० च्या सूचीत आजचे नाव आले. त्याआधी १९७९ मध्ये माजी सैनिकांसाठी वस्त्यांतून छोटी समुपदेशन केंद्रे उघडली गेली. त्या वेळी या खात्याचे प्रमुख होते मॅक्स क्लेलँड. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला माणूस त्या खुर्चीत बसला होता, हा योगायोग नव्हता.

नाव मिळाल्यावर मोजदाद सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातील राष्ट्रीय पाहणीत व्हिएतनाममध्ये गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के त्या वेळी या विकाराने ग्रस्त होते आणि सुमारे ३१ टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी तो झालेला होता. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, युद्ध संपून चाळीस वर्षे लोटल्यावरही, सुमारे २ लाख ७१ हजार जणांत त्याची पूर्ण किंवा अंशतः लक्षणे असल्याचा अंदाज निघाला. काळ हेच औषध, हा आपला लाडका समज इथे तोकडा पडतो.

मग इराक आणि अफगाणिस्तानच्या वेळी अमेरिका शहाणी झाली होती काय? ज्ञान होते, व्यवस्था होती, पैसाही होता. तरी लष्कराच्याच वॉल्टर रीड संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इराकहून परतलेल्या सहा सैनिकांमागे साधारण एकात नैराश्य, चिंताविकार किंवा पीटीएसडीची लक्षणे आढळली आणि अशांपैकी फक्त २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतली होती. ज्यांना उपचारांची गरज होती, त्यांनाच ‘आपल्याला दुबळे समजतील’ ही भीती इतरांच्या दुप्पट वाटत होती. सूचीतला शब्द बदलला, पण बराकीतली नजर बदलली नाही.

आणि कागदावरची शिक्षाही टळली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१७ मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनाच्या कारणावरून ९१,७६४ जणांना सेवेतून कमी करण्यात आले. त्यांपैकी ६२ टक्क्यांना आधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूची इजा किंवा गैरवर्तनाशी संबंध असू शकणारा अन्य विकार असल्याचे निदान झालेले होते. दारू पिणे, हुज्जत घालणे, हजेरीला न येणे हे आजाराचे लक्षणही असू शकते. शिस्तीच्या नियमपुस्तिकेत मात्र ते गुन्हे ठरतात. या ६२ टक्क्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश जणांच्या दाखल्यावर ‘सन्मानाने नव्हे’ अशा अर्थाचा शेरा बसला. तो शेरा बसला की माजी सैनिकांसाठीच्या उपचारांचा दरवाजा बहुतांशी बंद होतो. म्हणजे जखमेमुळे जे घडले, त्याच्या शिक्षेपायी जखमेवरचे औषध नाकारले गेले.

याखेरीज आणखी एक जखम आहे. व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर वर्षानुवर्षे उपचार करणारे जोनाथन शे यांनी तिला ‘नैतिक जखम’ म्हटले. तपासणी नाक्यावर न थांबलेल्या मोटारीवर गोळी झाडली आणि आत कुटुंब निघाले, तर त्या सैनिकाला पुढे छळते ती भीती नसते, अपराधाची जाणीव असते. वरिष्ठांनी खोट्या कारणासाठी आपल्याला पाठविले, असे वाटू लागले तर विश्वासघाताची जाणीव असते. इराकमध्ये संहारक शस्त्रे सापडलीच नाहीत आणि काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. आपले मित्र कशासाठी मेले, या सैनिकांच्या प्रश्नाला गोळ्या-औषधांत उत्तर नाही. ते उत्तर युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्या समाजाने द्यायचे असते. ‘आपल्या सेवेबद्दल आभार’ म्हणून हात मिळविणे त्यापेक्षा कितीतरी सोपे.

या टाळाटाळीमागे जमाखर्चाचेही कारण आहे. हार्वर्ड विद्यापीठातील लिंडा बिल्म्स यांनी दाखवून दिले आहे, की पहिल्या महायुद्धातील सैनिकांवरील अमेरिकेचा भरपाईचा खर्च शिगेला पोहोचला तो १९६९ मध्ये, युद्ध संपून अर्धशतक उलटल्यावर. २००१ नंतरच्या युद्धांतील माजी सैनिकांच्या देखभालीचा खर्च २०५० पर्यंत २.२ ते २.५ लाख कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा त्यांचा २०२१ मधला अंदाज आहे. युद्ध सुरू करणारे सरकार हा आकडा अंदाजपत्रकात दाखवत नाही. तो भरणारे सरकार वेगळेच असते.

आपल्याकडे हा विषय ‘जवान खंबीर असतो’ या वाक्यापाशी संपतो. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यामागे जमिनीचे वाद, रजा, घरच्या अडचणी अशी अनेक कारणे असतात. पण अशांत टापूंत काढलेली वर्षे त्यांत मोजलीच जाऊ नयेत, हे पटणारे नाही. त्याच वर्षी ‘अग्निपथ’ योजना आली. तिच्या मूळ अटींनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभही नाही. मनाची जखम अनेकदा वर्दी उतरल्यानंतर कित्येक वर्षांनी उघडी पडते, हे अमेरिकेच्या अनुभवातून स्पष्ट झाले आहे. पंचविशीत घरी आलेल्या तरुणाला तिशीत झोप येईनाशी झाली, तर त्याने कोणत्या दारात जावे, याचे उत्तर योजनेच्या कागदांवर आधीच लिहिलेले असायला हवे. त्यासाठी खर्चापेक्षा कबुलीची गरज अधिक आहे.

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावांत ब्रिटिश सरकारने बसविलेल्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून किती जण गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढे दोनच आकडे त्यांवर असतात. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सुमारे पाच महिने उपासमार सोसून १९१६ मध्ये कैदेत पडलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांतले जे परतले, ते पहिल्या आकड्यात बसतात, दुसऱ्यात नाहीत. तिसरा आकडा त्या पाटीवर कोणी कोरला नाही. शंभर वर्षांनंतर आपण नव्या पाट्या लावू, तेव्हा त्यावर तिसऱ्या आकड्यासाठी जागा ठेवणार आहोत काय, एवढाच प्रश्न आहे.