आमच्या वेळचा रॉबिन असा नव्हता!



गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरात वाद झाला. कारण जमीन, पैसा किंवा सासर-माहेर यांपैकी काहीच नव्हतं. कारण होता रॉबिन. तोच, बॅटमॅनचा डोळ्यांवर मुखवटा लावलेला साथीदार.

आमचे चिरंजीव (वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी) टॅबवर 'टीन टायटन्स गो' बघत होते. त्यातला रॉबिन आरडाओरडा करत होता, नाचत होता, मित्रांवर फुकटचा रुबाब झाडत होता. मी चहाचा कप घेऊन मागे उभा होतो. राहवलं नाही. म्हटलं, "हा कसला रॉबिन? आमच्या वेळचा रॉबिन असा नव्हता!"

"पप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्टीला हेच म्हणता," चिरंजीव मान वर न करता म्हणाले.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, खुदकन हसले. मला ते हसू लागलं. का लागलं, ते शेवटी सांगतो. आधी रॉबिनचं प्रकरण निस्तरतो.

२००३ साली आलेल्या मूळ 'टीन टायटन्स' मालिकेतला रॉबिन गंभीर होता. कमी बोलायचा, रात्र-रात्र जागून शत्रूचा माग काढायचा, चूक झाली की स्वतःला माफ करायचा नाही. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला तसंच व्हायचं होतं. ती मालिका २००६ मध्ये संपली. २०१३ मध्ये 'टीन टायटन्स गो' आली. पात्रं तीच, मुख्य पात्रांना आवाज देणारे कलाकारही तेच, पण स्वभाव पार बदललेले. रॉबिन आता स्वतःवरच खूश असलेला, चिडका आणि हास्यास्पद. जगभरातले जुने चाहते खवळले. मीही त्यातलाच एक. नुकती नोकरी लागली होती, कामाचा ढीग होता, तरी वेळ काढून मित्रांशी तावातावाने यावर बोलल्याचं आठवतं.

आता हसू येतं. पण गंमत बघा, हे वेड फक्त परदेशी कार्टूनपुरतं नाही. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या.

छोटा भीम २००८ पासून पोगोवर आहे. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी उभं केलेलं ढोलकपूर आज प्रत्येक घराला पाठ आहे. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये, अचानक बातमी पसरली की भीमने चुटकीला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं. झालं! ट्विटरवर 'चुटकीला न्याय द्या' अशी मोहीमच सुरू झाली. चुटकीने इतकी वर्षं घरातून लाडू आणून खाऊ घातले आणि हा राजवाड्यात गेला, असा लोकांचा सूर होता. यातले बरेच जण थट्टा करत होते, पण सगळेच नाही. शेवटी कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला की ही पात्रं अजून लहान मुलं आहेत, त्यांचं कुणाशीही लग्न झालेलं नाही.

रागावलेले कोण होते? आठ वर्षांची मुलं नव्हेत. ढोलकपूर बघत मोठी झालेली कॉलेजची पोरं होती. ज्यांच्यासाठी ती मालिका आता बनतच नाही, तेच सर्वात जास्त दुखावले होते.

आता आमच्या घरातला मोठा किस्सा. २००५ मध्ये 'हनुमान' हा ॲनिमेशनपट आला. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचं दिग्दर्शन, आणि मोठ्या हनुमानाला आवाज शक्तिमानवाल्या मुकेश खन्नांचा. अण्णा सिनेमाला जाणारे नव्हेत. पण आमचं मूळ खानदेशातलं, गावात शिरताना आधी मारुतीचं देऊळ लागतं, आणि अण्णांचा शनिवार कधी चुकलेला नाही. ते मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन गेले. मी पंधरा वर्षांचा, मला कार्टून बघायला जायची लाज वाटत होती. अण्णा मात्र हात जोडून बसले होते.

दोन वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. यात हनुमान माणसाच्या पोटी जन्म घेतो, त्याचं नाव मारुती, तो शाळेत जातो आणि वर्गातल्या दुबळ्या मुलाच्या मदतीला धावतो. बहिणीला तो फार आवडला. अण्णा मध्यंतरातच उठले. "देवाला हाफ चड्डी घालून शाळेत पाठवतात!" असं म्हणत कतारगाम दरवाज्यापर्यंत रिक्षात तेवढंच बोलत होते. बहीण रडवेली झाली होती. तिला उरलेला सिनेमा बघायचा होता.

मला वाटतं, इथे थोडं थांबून विचार करायला हवा. अण्णांचा राग चुकीचा होता का?

चाफळला समर्थांनी स्थापन केलेले दोन मारुती आहेत. राममंदिरासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती, आणि मंदिरामागे प्रताप मारुती. एक नम्र, दुसरा आवेशात. एकाच देवाचे दोन स्वभाव, एकाच आवारात. यातला खरा कोणता, असं म्हणत कुणी भांडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे रूप बदलणं आपल्याला नवं नाही. शाळेत जाणारा मारुतीही दुबळ्याच्याच मदतीला धावत होता. कपडे बदलले, गाभा तोच होता. बहिणीला तो दिसला, अण्णांना चड्डी दिसली.

उलट उदाहरणही आहे. जून २०२३ मध्ये 'आदिपुरुष' आला. तो ॲनिमेशनपट नव्हे, पण बराचसा संगणकावरच घडवलेला. त्यातल्या हनुमानाच्या तोंडची टपोरी भाषा ऐकून लोक भडकले आणि निर्मात्यांना काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. त्या वेळी मला लोकांचं पटलं. वाल्मीकी रामायणात किष्किंधाकांडात राम आणि हनुमान पहिल्यांदा भेटतात, तेव्हा राम लक्ष्मणाजवळ सर्वात आधी कशाचं कौतुक करतो? हनुमानाच्या बोलण्याचं. वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय असं बोलता येणार नाही, असं म्हणतो. म्हणजे बोलणं हा हनुमानाचा गाभा आहे. चड्डी बदलली तर चालेल, वाणी बदलली तर तो हनुमान उरत नाही.

तर पहिला नियम मी माझ्यापुरता असा केला आहे: बदल झाला यावर चिडायचं नाही, काय बदललं ते आधी बघायचं.

पण एवढ्याने रॉबिनचं कोडं सुटत नाही. दुसरा मुद्दा मला ऑफिसात सापडला.

आमची कंपनी हिऱ्याच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठलं पॅकेट कुणाकडे गेलं, किती वजन परत आलं, कारागिराची मजुरी किती झाली, असला हिशेब. मध्यंतरी आम्ही सगळे स्क्रीन नव्याने बनवले. दिसायला देखणे, चालायला दुप्पट जलद. पहिल्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मॅनेजरचा फोन. "भाई, जूनुं पाछुं आपो!" जुनं परत द्या. मी त्यांना नव्याचे फायदे सांगत बसलो. ते ऐकेनात. शेवटी समोर जाऊन बसलो तेव्हा कळलं की जुना स्क्रीन त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं वापरून पाठ केला होता आणि ऑफिसातल्या सगळ्या पोरांना शिकवला होता. अडलं की सगळे त्यांनाच विचारायचे. आमच्या एका अपडेटने ते एका रात्रीत अडाणी झाले होते. त्यांचा राग बटणावर नव्हता. 'तुमची इतक्या वर्षांची मेहनत वाया' असं आम्ही न बोलता सांगितलं होतं, त्यावर होता.

जुन्या चाहत्याचंही तेच. नवा रॉबिन नाचतो, त्याचा त्रास नाही. आपण ज्याच्यासारखं व्हायला धडपडलो तो गंभीर रॉबिन आता थट्टेचा विषय झाला, म्हणजे आपली ती धडपडही थट्टेचीच होती की काय, हा त्रास आहे. हे त्या मंडळींच्याही ध्यानात आलं असावं. २०१८ च्या सिनेमात त्यांनी स्वतःचीच भरपूर टिंगल केली, आणि २०१९ मध्ये तर जुने टायटन्स आणि नवे टायटन्स समोरासमोर आणणारा सिनेमाच काढला. चाफळच्या दोन मारुतींसारखे दोघे एकाच आवारात. तो बघितल्यावर माझा राग बराच ओसरला. जुन्याला कुणी पुसून टाकलेलं नव्हतं.

याच संदर्भात 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आठवतो. जून २०२३ मध्ये तो भारतात दहा भाषांत आला, मराठी आणि गुजरातीतही. आम्हाला सोयीच्या वेळेला हिंदीच मिळाला. त्यातला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन मुळात २००४ च्या कॉमिकमधला, शरद देवराजन आणि चित्रकार जीवन कांग यांच्या चमूचा. कॉमिकमधला पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला, धोतरावरून चिडवला जाणारा, अबोल पोरगा. सिनेमातला पवित्र एकदम बिनधास्त, हसरा, केसांची फार काळजी घेणारा. आणि सिनेमाची गोष्टच अशी की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला ठरलेलं दुःख आलंच पाहिजे, नाहीतर जग कोसळेल, असं एक मोठा स्पायडर-मॅन बजावतो. छोटा माइल्स म्हणतो, माझी गोष्ट मी वेगळी करीन. थिएटरमध्ये मी माइल्सच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. घरी मात्र मी त्या मोठ्या स्पायडर-मॅनच्या बाजूचा आहे, हे गेल्या रविवारी कळलं.

तर आता अण्णांचं हसणं.

अण्णा तरुणपणी सुरत-भुसावळ पॅसेंजरने इथे आले आणि आयुष्यभर डाइंग मिलमध्ये राबले. माझ्या लहानपणीचे अण्णा म्हणजे जुना रॉबिन. बोलणं कमी, नजर कडक. गणितात ब्याऐंशी मिळाले तर "बाकीचे अठरा कुठे गेले?" एवढाच प्रश्न. मी बीई झालो त्या दिवशीही त्यांनी पेढा हातावर ठेवला आणि विचारलं, "नोकरीचं काय?"

आताचे अण्णा नातवाशेजारी बसून 'मायटी लिटिल भीम' बघतात. ज्यात भीम रांगतं बाळ आहे आणि संवाद जवळजवळ नाहीतच, ती मालिका. देवाच्या हाफ चड्डीवरून उठून गेलेला माणूस लंगोटातल्या भीमावर पोट धरून हसतो! गेल्या रविवारी त्याच वादात चिरंजीवांची गणिताची उत्तरपत्रिका निघाली. वीसपैकी अकरा. मी तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे, होतं असं. पुढच्या वेळी येतील." आणि त्याच्या हातावर लाडू ठेवला.

मी म्हणून गेलो, "अण्णा, मला कधी असं म्हणाला नाहीत."

घर गप्प झालं. बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला. मला वाटलं, आता जुने अण्णा परत येणार. पण ते पेपरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "तेव्हा भीती होती. तू नापास झालास तर माझ्याशेजारी त्याच गरम मशिनीवर उभा राहशील. रात्रपाळीला रोज हेच डोक्यात. आता कशाची भीती? तू आहेस ना त्याच्या पाठीशी."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ब्याऐंशी चांगले होते. मिलमध्ये सगळ्यांना सांगितले होते मी."

मंडळी, मला पस्तिसाव्या वर्षी माझ्या आठवीच्या मार्कांचं कौतुक मिळालं. मी उठून उगाचच गॅलरीत गेलो.

अण्णा बदलले, असं मी समजत होतो. गाभा तोच होता, भीती तेवढी गेली होती. आणि माझा राग त्यांच्या नव्या रूपावर नव्हताच. जुन्या अण्णांबरोबर काढलेली माझी वर्षं कुठे तरी जमा आहेत का, एवढंच मला विचारायचं होतं. आहेत म्हणे.

संध्याकाळी मी चिरंजीवांना जुन्या 'टीन टायटन्स'चा पहिला भाग दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि निकाल दिला, "चांगला आहे, पण हा हसत का नाही?" मी म्हटलं, त्याला काळजी होती. मग आम्ही दोघांनी 'गो'चा एक भाग बघितला. मी दोनदा हसलो. तीनदा, असं चिरंजीव म्हणतात.

तुमच्या घरात कोणता हिरो बदलला, आणि कोण रुसलं? जरूर कळवा. भेटू पुढच्या अंकात.