न चढता येणारी भिंत

वडोदऱ्याची सयाजीबाग (जुनी मंडळी तिला अजून कमाटीबागच म्हणतात), हैदराबादचे नेहरू प्राणिउद्यान, इंदूर-ग्वाल्हेरची प्राणिसंग्रहालये, यांपैकी कोठेतरी आमच्या वाचकांनी मुलाबाळांसह एखादी सुटी घालविलीच असेल. तेथे आपण वाघ पाहतो, माकडे पाहतो, मुलांच्या हातावर शेंगदाण्याची पुडी ठेवतो आणि परततो. वाघ आणि आपण यांच्यामधील भिंतीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती भिंत कशाची करावी, म्हणजे आतल्याला चढता येणार नाही, हा प्रश्न वरवर गवंड्याचा वाटतो. थोडे खोलात गेल्यावर आम्हांस असे दिसून आले, की त्याचे उत्तर गवंड्याच्या आधी चढणाऱ्याला विचारावे लागते.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणी ऐकली आहे. जेथून ती उतरली तेथे महाराजांनी बुरूज बांधविला, असे ती सांगते. इतिहासकार ती कितपत मान्य करतात हा प्रश्न वेगळा. पण तिच्यातील शहाणपण बिनतोड आहे. गडाची उणीव गड बांधणाऱ्याला दिसली नव्हती, ती एका गवळणीच्या पावलांनी दाखविली.

अमेरिकेतील सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने विसाव्या शतकात नेमके हेच केले. तेथे केन अ‍ॅलन नावाचा बोर्नियो जातीचा ओरांगउटान होता. १९८५ च्या उन्हाळ्यात हा महाभाग तीन वेळा आपल्या आवारातून बाहेर पडला. बाहेर येऊन त्याने कोणाला इजा केली नाही; प्रेक्षकांमधून फिरत तो इतर प्राणी पाहत असे, जणू तिकीट काढूनच आलेला! तो कोठून चढतो हे हेरण्यासाठी रखवालदारांनी प्रेक्षकांचा वेश घेऊन पाळत ठेवली. शेवटी व्यवस्थापनाने कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांनाच पाचारण केले. बोट रुतेल, पाऊल टेकेल अशी प्रत्येक जागा त्यांनी शोधून द्यायची आणि कामगारांनी ती बुजवायची. या कामी चाळीस हजार डॉलर खर्ची पडले असे सांगतात.

असे खळगे भिंतीत आले कोठून? येथे एक गंमत आहे. १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गजांचे पिंजरे टाकून देऊन खंदक आणि कृत्रिम खडक यांचे प्राणिसंग्रहालय उघडले. कोणता प्राणी किती लांब उडी घेतो हे आधी पाहून त्याने खंदकांची रुंदी ठरविली होती. हैदराबादचे उद्यान १९६३ साली खुले झाले, त्यातील खंदकांची मोकळी आवारे याच परंपरेतील. प्रेक्षकाला गज नको असतात, त्याला डोंगर हवा असतो. म्हणून सिमेंटचे खडक उभे केले जातात. परंतु खडक जितका हुबेहूब, तितक्या त्याला कपारी अधिक. आपल्याला जो देखावा वाटतो, तो सात फूट हातांचा पल्ला असलेल्या ओरांगउटानाला जिना वाटतो.

म्हणून दगडी बांधकाम नको, कारण दर दोन दगडांमधील सांधा ही एक पायरी आहे. विटांवर घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा गिलावा बरा. पण आपल्याकडच्या हवेत त्याचे आयुष्य किती? दोन उन्हाळ्यांत भेग पडते, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि मग पक्ष्यांच्या कृपेने भेगेत पिंपळ उगवतो. पिंपळाचे रोप उपटायला आपल्याकडे कोणी धजत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे! भिंत बांधली त्या दिवशी ती न चढता येणारी असते. दहा वर्षांनी ती तशी राहिली आहे की नाही, हे दरवर्षी कोणीतरी हात फिरवून पाहिले पाहिजे. काटकोनी कोपरेही घातक, कारण दोन्ही भिंतींना हातपाय रेटून वर सरकता येते.

काच सर्वांत गुळगुळीत, असे वाटेल. घोरपडीपुरते ते खरे आहे. तानाजीच्या कथेतली यशवंती प्रसिद्ध आहे. पण घोरपड चढते ती नखांच्या बळावर, आणि नखाला रुतायला खडबडीतपणा लागतो. उलट आपल्या स्वयंपाकघरातील पाल पाहा. तिच्या बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी केस असतात, त्यांच्या जोरावर ती खिडकीच्या काचेवरून सरसर जाते. तिला काच पुरत नाही, छप्परच लागते. अमुक पदार्थ सर्वांना चालेल, असे सांगणारा कंत्राटदार भेटल्यास त्याला पालीकडे बोट दाखवावे.

जाळीचे दुखणे निराळे. बिबट्याला साधी जाळी ही शिडीच. म्हणून तिचा माथा आतल्या बाजूस कलता ठेवतात. आणि जाळीची तार कितीही भक्कम असली तरी ती कशाने बांधली आहे, हे कोण पाहतो? सेंट लुईस येथे २०२३ च्या फेब्रुवारीत बेन नावाचे अँडीज पर्वतातील अस्वल पोलादी जाळी उसकटून बाहेर आले. मग सुमारे साडेचारशे पौंड ताण सोसणाऱ्या पोलादी कड्या बसविल्या. त्याच महिन्यात ते पुन्हा बाहेर आले! शेवटी त्याची रवानगी टेक्सासमधील खंदक असलेल्या संग्रहालयात करण्यात आली.

बेनच्या कथेवर हसता येते, तात्यानाच्या कथेवर येत नाही. २५ डिसेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत या वाघिणीने भिंत ओलांडून एका युवकाचा प्राण घेतला, दोघांना जखमी केले, आणि पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. भिंत १८ फूट असल्याचे प्रथम सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष मोजली तेव्हा ती साडेबारा फूट भरली; तेथील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सुमारे साडेसोळा फुटांची होती. साठ-पासष्ट वर्षे ती भिंत तेथे उभी होती. एका फूटपट्टीचे काम कोणाला सुचले नाही, याचा आम्हांस मनस्वी विषाद वाटतो.

भिंत निर्दोष असूनही भागत नाही. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातून २०१३ च्या जूनमध्ये रस्टी हा लाल पांडा निसटला. पावसाच्या भाराने फांद्या वाकून पूल तयार झाला असावा, असा तेथील लोकांचा तर्क होता. २०१९ साली बेलफास्टमध्ये चिंपांझींनी मोडलेली फांदी भिंतीला शिडीसारखी टेकविली. पण म्हणून आतले झाडच तोडून टाकावे, हे आम्हांस पटत नाही. चढणे हा ज्याचा धर्म, त्याला गुळगुळीत विहिरीत डांबणे ही निव्वळ क्रूरता होय. झाड असावे, उंच असावे, भिंतीपासून दूर असावे, आणि त्याच्या फांद्या वेळेवर छाटाव्यात.

राहिली भिंतीची आपल्याकडील बाजू. २८ मे २०१६ रोजी सिनसिनाटीत तीन वर्षांचे एक मूल तीन फुटी कठडा पार करून गोरिलाच्या खंदकात पडले. मूल वाचले; हरांबे नावाचा गोरिला मारला गेला. त्यानंतर कठडा साडेतीन फुटांचा झाला, वर-खाली भरीव लाकडी तुळया आल्या आणि मधली जागा दोरीच्या गाठीव जाळीने भरून काढण्यात आली.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आले ते हल्लीच्या सदनिकांच्या गॅलऱ्यांचे कठडे. आडव्या पोलादी नळ्यांचे हे कठडे दिसावयास सुबक; पण आडवी नळी ही मुलाला पायरीच होय. आपल्या जुन्या वाड्यांच्या सज्जांना उभे गज असत, त्यांवर पाय ठेवायला जागा नसे. नवे घर घेणाऱ्या वाचकांनी उभ्या गजांचाच आग्रह धरावा, आणि दोन गजांमधून मुलाचे डोके जाणार नाही हे पाहावे. आडव्या नळ्या आधीच बसविलेल्या असतील तर आतून सलग पत्रा लावून घ्यावा, आणि खुर्ची, मोडा, कुंड्यांची मांडणी कठड्यापासून चांगली दूर हलवावी.