घरचे पैसे, दुकानचा चेक

मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे यंत्रमाग आठवतात. मी म्हणतो ते वाशीम जिल्ह्यातले, सोयाबीन-तुरीच्या मुलखातले. इथल्या कृषी सेवा केंद्रवाल्याचे वर्ष मोठे विचित्र. जूनमध्ये बियाणे-खत उधारीवर जाते आणि वसुली होते ती सोयाबीन बाजारात आल्यावर, दसरा-दिवाळीला. मधल्या महिन्यांत कंपनीला दिलेले चेक मात्र तारखेला हजर! चालू खात्यात २८ हजार आणि चेक ४० हजारांचा. ‘साहेब, बचतीतून टाका ना १२ हजार, घरचेच पैसे आहेत,’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले असेल!

आता त्यासाठी बँकेत यावे लागतेच असे नाही. अनेक बँकांत एकदा लेखी सूचना दिली, की एका खात्यात कमी पडताच दुसऱ्यातून किंवा मुदत ठेवीतून रक्कम आपोआप वळती होते. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. चेक परत गेला की बँकेचा भुर्दंड पडतो, बाजारात पत जाते, शिवाय १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेले कलम १३८ आहेच. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खटला होऊन दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यापुढे बचतीवरचे चार पैसे व्याज बुडाले तर बुडाले.

माझी हरकत निराळी आहे. साहेबाला विचारावे लागे तेव्हा माणूस थोडा ओशाळायचा. घरी बायकोच्या कानावर घालायचा तरी. आता कोणी कोणाला विचारत नाही. बचत खाते बहुधा ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असे. पैसे काढायला एकाची सही पुरते. त्यात तिने शिवणकामातून, दुधातून जमवलेले असतात, पोरीच्या कॉलेजची फी असते. जुलैत १२ हजार, ऑगस्टात नऊ... दिवाळीपर्यंत घरची शिल्लक दुकानाचे भांडवल होऊन बसते, आणि तसे कोणी ठरवलेलेच नसते. उधारी वसूल झाली तरी ते पैसे घरी परतत नाहीत; रब्बीचा माल भरायचा असतो ना!

तेव्हा दुकानदार मंडळी, सूचना जरूर द्या. पण तिच्यासाठी वेगळे बचत खाते उघडा, त्यात दुकानापुरतीच रक्कम ठेवा; फीचे खाते त्याला जोडू नका. आणि वहिनी, ‘इथे सही कर’ म्हणून फॉर्म पुढे आला, तर आधी त्यावरचा खाते क्रमांक आपल्या पासबुकाशी ताडून पाहा.