निम्मी दलाली: कृपा की हिशेब?

१८ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅपलने जाहीर केले की वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या विकसकांकडून १ जानेवारीपासून ३० ऐवजी १५ टक्केच दलाली घेतली जाईल. लहानांवरील कृपा म्हणून तिचे कौतुक झाले. इतिहासाने मात्र तारखा पाहाव्यात.

अ‍ॅप स्टोअर उघडले २००८ मध्ये. वर्गणीसारखे अपवाद वगळता १२ वर्षे दर ३० टक्केच होता (चौथाईहूनही जड!). लहान विकसक तेव्हाही लहानच होते. कोणाला दया आली नाही. २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेत दावा लावला, ऑगस्ट २०२० मध्ये ‘फोर्टनाइट’वाली एपिक न्यायालयात गेली, आणि तीन महिन्यांत दर निम्मा झाला.

या औदार्याला खर्च किती आला? सेन्सर टॉवरच्या अंदाजानुसार सुमारे ९८ टक्के विकसक या मर्यादेत बसत, परंतु महसुलात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के होता. बहुसंख्य असंतुष्टांना शांत करण्याचा याहून स्वस्त मार्ग कोणता?

शिवाय मर्यादा ओलांडली की उरलेल्या वर्षात ३० टक्के, आणि पुढील वर्षी पहिल्या डॉलरपासून ३०. वाढणाऱ्यालाच हा दंड. गूगलने २०२१ मध्ये प्रत्येकाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के आकारले. म्हणजे असा कडेलोट अटळ नव्हता.

मे २०२१ मध्ये टिम कुक साक्षीला उभे असताना न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी स्पष्टच म्हटले की ही कपात स्पर्धेतून नव्हे, चौकशा व दाव्यांच्या दडपणातून आलेली दिसते. कुक यांनी कोविडकाळातील लहान उद्योगांची काळजी पुढे केली. दावेही मनात होते, हे मात्र त्यांना नाकारता आले नाही.