पोर्ट 'झालं' म्हणजे काय हो?

फ्रीआरटीओएस नव्या रिस्क-फाइव्ह बोर्डावर चढवली, एलईडी लुकलुकला, की लगेच साहेबांचा मेल: "पोर्टिंग डन!" अहो, डन काय डन? कॉर्टेक्स-एमवर इंटरप्ट आला की 8 रजिस्टर्स हार्डवेअरच स्टॅकवर टाकतं. साध्या रिस्क-फाइव्हवर असले लाड नाहीत, सगळं आपणच असेंब्लीत लिहायचं. त्यात एखादं रजिस्टर सेव्ह करायचं राहिलं तरी एलईडी मजेत लुकलुकत राहतो! ते नेमकं वापरात असताना इंटरप्ट आला, तरच बोंब. म्हणजे बहुधा गिऱ्हाइकाकडे. (सी कोड कंपाइल होणं हा तर सगळ्यात सोपा भाग.) सगळे इंटरप्ट एकदम आदळताना टास्क जागा व्हायला जास्तीत जास्त किती मायक्रोसेकंद लागतात, ते ऑसिलोस्कोपवर मोजून दाखवा. मग खुशाल मेल पाठवा.