बंडाला गणवेश शिवणारे

बंड विकायचं ठरलं की धंदेवाला पहिल्यांदा त्याला गणवेश शिवतो. पुरावा पायजे तर 'द सेंट्स' या ऑस्ट्रेलियन रॉक बँडची दुसरी रेकॉर्ड ऐका : 'इटर्नली युअर्स', 1978.

पोरं ब्रिस्बेनची. गायक ख्रिस बेली केनियात जन्मला, आईबाप आयरिश. गिटारवाला एड क्युपर जर्मनीत जन्मलेला. दोघंही बाहेरून आलेल्यांची लेकरं. क्वीन्सलँडात तेव्हा बिएल्के-पीटरसनचं राज्य. या बाबानं 1977 साली रस्त्यावरच्या मोर्च्यांवरच बंदी घातली. असल्या गावात यांचं गाणं कोण छापणार? 1976 मध्ये यांनी स्वतःच पाचशे तबकड्या काढल्या. लंडनच्या एका साप्ताहिकानं ते गाणं डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठं ईएमआय या बड्या कंपनीला जाग आली. घरात पत नव्हती, साहेबाच्या गावचा शिक्का बसला आणि माल चोख ठरला!

1977 त बँड लंडनला गेला. तिथं पंकचा बाजार तेजीत. कंपनी म्हणाली, केस उभे करा, फाटके कपडे घाला. यांनी साफ झिडकारलं. केस लांबच ठेवले, अंगावर रोजचेच कपडे. आणि दुसऱ्या रेकॉर्डच्या पहिल्याच गाण्यात काय आणलं? ब्रास! ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा, अमेरिकेतल्या काळ्यांच्या सोल संगीतातला. गाण्याचं नावच 'नो युअर प्रॉडक्ट', म्हणजे आपला माल ओळखा. जाहिरातवाल्यांच्या तोंडावर मारलेली ही चपराक.

मी गोदीत पेट्या उचलतो. वरचा मार्का एक, आतला माल भलताच, हे मला कुणी शिकवायला नको. पण कवितेतही तेच चालतं. एका शहाण्या संपादकानं माझी पावसावरची कविता परत केली. म्हणे, यात शिवी नाही, झोपडपट्टी नाही, ही तुमची वाटत नाही. म्हणजे आमचा पाऊससुद्धा हे ठरवणार! साला, आमच्या संतापाचं मापही यांचाच शिंपी घेणार काय?

नकाराची किंमत पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. 1977 त सेंट्सचं एक गाणं ब्रिटिश यादीत 34 व्या नंबरापर्यंत चढलं होतं. ही दुसरी रेकॉर्ड मात्र खपली नाही. पुढं कंपनीनं हात काढला, बँड फुटला. पण त्याआधी, 1978 मध्येच, त्यांनी तिसरी रेकॉर्ड करून ठेवली होती, आणि तिच्यात ब्रास आणखी वाढवला होता.